सूचिपर्णी झाडांचं बी का अडून बसतं आणि कशानं रुजतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवदाराचं किंवा एखाद्या परदेशी पाइनचं बी हौसेनं आणून कुंडीत पेरलं आणि महिना उलटला तरी कोंब दिसला नाही, की आपण बी विकणाऱ्याला बोल लावतो. बहुतेक वेळा ते बी जिवंत असतं. त्याच्या आत काही रसायनांचा हिशेब चालू असतो आणि तो पुरा झाल्याशिवाय मूळ बाहेर येत नाही. हा हिशेब समजला तर बी वाया जात नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सुप्तावस्था म्हणजे नेमकं काय? बी कोरडं असणं आणि सुप्त असणं एकच का?

नाही, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. डब्यातला हरभरा कोरडा असतो म्हणून उगवत नाही. पाणी दिलं की दोन दिवसांत मोड येतात. सुप्त बियाला पाणी, हवा, योग्य ऊब सगळं मिळतं, ते फुगतं, श्वसनही करतं, पण मूळ बाहेर काढत नाही. अडथळा बाहेर नसतो, बियातच असतो. सूचिपर्णी झाडांत हा अडथळा मुख्यतः शरीरक्रियेचा, म्हणजे संप्रेरकांचा आणि भोवतालच्या आवरणांचा असतो. त्यामुळे आठवडाभर भिजत घातलं किंवा जास्त खत दिलं तरी फरक पडत नाही.

सगळ्याच सूचिपर्णी झाडांचं बी असं असतं का?

अजिबात नाही, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. बी झाडावरून कधी पडतं आणि त्यानंतर लगेच कोणता ऋतू येतो, हे पाहिलं की सुप्तावस्थेचा अर्थ लागायला लागतो.

हिमालयातला चीड पाइन घ्या. त्याचे शंकू एप्रिलपासून जूनपर्यंतच्या उन्हात उघडतात. बी कोरड्या उतारावर पडतं आणि पावसाळा सुरू झाला की उगवतं. पुढे पाऊस असल्यामुळे थांबण्याचं कारणच नाही, म्हणून चीडच्या बियाला सुप्तावस्था जवळजवळ नाही. त्याच डोंगरात वर गेलं की देवदार लागतो. त्याचे शंकू ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडावरच विस्कटतात. हे बी लगेच उगवलं तर कोवळं रोप पहिल्याच बर्फात जाईल. ते बर्फाखाली हिवाळा काढतं आणि बर्फ वितळल्यावर रुजतं. तरीही देवदाराची सुप्तावस्था उथळच म्हणायची. दोन-तीन आठवड्यांची ओली थंडी, म्हणजे बी ओलं असताना मिळणारा गारठा, त्याला सहसा पुरते.

आता उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे या. डग्लस फरला तीन ते आठ आठवडे थंडी देतात. वेस्टर्न व्हाइट पाइनला तीन महिने, कधी त्याहून जास्त. यलो सीडर तर आधी महिनाभर ओली ऊब आणि मग दोन-तीन महिने ओली थंडी मागतो. ज्या कुळातून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध मिळालं, त्यातला आपला हिमालयी थुनेर निसर्गात दीड-दोन वर्षं जमिनीत पडून राहू शकतो. थुनेरच्या कुळात बी पडतं तेव्हा आतला भ्रूण पुरता वाढलेलाही नसतो. ऊब मिळते तेव्हा तो आत लांब होतो आणि त्यानंतर थंडी आपलं काम करते. उन्हाळा आणि मग हिवाळा, असा क्रमच त्याला लागतो.

बियाच्या आत कोण कुणाला अडवतं?

पाइनचं बी उभं कापलं तर मधोमध एक पांढरट, काडीसारखा भ्रूण दिसतो. त्याच्या एका टोकाला मूलांकुर असतो आणि दुसऱ्या टोकाला दलपत्रांचा झुबका. आपल्या डाळींसारखी ती दोन नसतात, सहा-आठ किंवा जास्तही असतात. भ्रूणाभोवती तेलकट पांढरा गर असतो. चिलगोजा खाताना आपण मुख्यतः हा गर खातो.

हा गर सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणपोषासारखा दिसतो, पण त्याचा जन्म वेगळा आहे. भ्रूणपोष फलनानंतर तयार होतो. सूचिपर्णींचा गर फलनाच्या आधीच तयार होतो आणि तो पूर्णपणे आईचा असतो. पाइनच्या भ्रूणात २४ गुणसूत्रं असतात, गरात १२. गराबाहेर एक कागदासारखा पातळ पापुद्रा आणि सगळ्यात बाहेर टणक कवच, तेही आईचंच. म्हणजे भ्रूणाभोवतीचा सगळा बंदोबस्त मातृवृक्षाने करून ठेवलेला असतो.

यलो सीडरचा भ्रूण या आवरणांतून अलगद मोकळा केला तर तो वाढू लागतो. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: उगवणीसाठी भ्रूणाचा जोर वाढायला हवा आणि मूलांकुराच्या टोकाशी असलेला गर व पापुद्रा मऊ पडायला हवा. या दोन्ही बाजूंवर संप्रेरकांची पकड असते.

ॲब्सिसिक आम्ल बियाला झोपवतं, हे खरं का?

खरं आहे, पण अर्धं. हे संप्रेरक १९६० च्या दशकात दोन वेगळ्या वाटांनी सापडलं. अमेरिकेत फ्रेडरिक ॲडिकॉट यांचा गट कापसाची कोवळी बोंडं गळतात का, हे शोधत होता. वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट सिकॅमोर झाडाच्या कळ्या हिवाळ्यात मिटून का बसतात, याचा माग घेत होता. दोघांच्या हाती एकच रेणू लागला आणि १९६७ मध्ये त्याला एकच नाव देण्याचं ठरलं.

बियात त्याचं पहिलं काम घडवण्याचं असतं. बी झाडावर पिकत असताना ॲब्सिसिक आम्ल वाढतं. त्यामुळे भ्रूण शंकूतच उगवत नाही, साठ्याची प्रथिनं भरली जातात आणि वाळणं सोसण्याची ताकद येते. ऊतिसंवर्धनात याचा ढळढळीत पुरावा आहे. १९८५ मध्ये नॉर्वे स्प्रूसच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणं जमलं. असे भ्रूण नीट पिकावेत म्हणून माध्यमात मुद्दाम ॲब्सिसिक आम्ल घालतात आणि पुढे रोप हवं असेल तेव्हा त्यांना त्याशिवायच्या माध्यमात हलवतात. सुप्तावस्था टिकवणं हे त्याचं पुढचं काम. म्हणून त्याला निव्वळ अडवणारं संप्रेरक म्हणणं मला पटत नाही. ते नसतं तर उगवण्याजोगं बीच तयार झालं नसतं.

थंडीत नेमकं काय घडतं? गारठ्यानं आम्ल संपून जातं का?

इथे वेस्टर्न व्हाइट पाइनची हकिकत सांगायलाच हवी. १९१० मध्ये युरोपातून व्हँकुव्हरकडे आलेल्या रोपांबरोबर फोडतांबेऱ्याची बुरशी आली आणि या पाइनची अरण्यं उजाड झाली. पुढे रोगाला टिकणाऱ्या झाडांची निवड सुरू झाली. अशा झाडांचं बी थोडं आणि मोलाचं, आणि नेमकं तेच उगवायला अवघड. त्यामुळे कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ॲलिसन करमोड यांच्या गटाने या बियात ॲब्सिसिक आम्लाचं काय होतं, ते बारकाईनं मोजलं. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यातून दिसलं ते असं. सुप्त बी भिजवून उबेत ठेवलं तर आत ॲब्सिसिक आम्ल बनत राहतं आणि मोडतही राहतं. त्यामुळे एकूण पातळी वरच टिकते. ओल्या थंडीत मात्र तोल मोडण्याच्या बाजूला झुकतो. आम्लाचं रूपांतर फॅसिक आम्ल आणि पुढे डायहायड्रोफॅसिक आम्ल या जवळजवळ निष्क्रिय रेणूंत होतं, काही भाग साखरेशी जोडून बाजूला पडतो. भ्रूण आणि गर या दोन्हींत पातळी उतरते आणि ती जितकी उतरते तितकी उगवण वाढते.

दुसरी बाजू डग्लस फरवर झालेल्या फ्रेंच संशोधनातून पुढे आली. थंडी मिळालेल्या बियात आम्ल कमी तर झालंच, शिवाय बाहेरून आम्ल दिलं तरी बी पूर्वीइतकं दबेना. म्हणजे साठा घटतो आणि त्या साठ्याचा धाकही घटतो. पेशीत ॲब्सिसिक आम्ल ओळखणारी प्रथिनं असतात (ती २००९ मध्ये सापडली) आणि त्यांच्यामागे इतर प्रथिनांची साखळी असते. या साखळीची संवेदनशीलता उतरली की तेवढंच आम्ल कमी परिणाम करतं. यलो सीडरमध्ये या साखळीतल्या एबीआय-३ नावाच्या जनुकाचा भाऊबंद सापडला आहे. सपुष्प वनस्पती आणि सूचिपर्णी यांच्या वाटा तीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, तरी ही यंत्रणा दोघांनीही राखली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जिबरेलिनचं काम काय? नाशिकचे द्राक्षबागायतदार वापरतात तेच जीए बियाला चालेल का?

रेणू तोच, जीए-३ (जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, जिबरेलिन या संप्रेरकाचं एक रूप). १९२६ मध्ये एइची कुरोसावा तैवानमध्ये भाताच्या रोगावर काम करत होते. त्या रोगात रोपं बेसुमार उंच वाढून आडवी पडतात. रोगाच्या बुरशीने सोडलेला पदार्थच हे करतो, हे त्यांनी दाखवलं. १९३० च्या दशकात जपानमध्ये तो वेगळा काढला गेला आणि त्याला जिबरेलिन हे नाव मिळालं. आज द्राक्षाचे मणी लांब आणि जाड व्हावेत म्हणून आपल्याकडे त्याच्या फवारण्या आणि डिपिंग सर्रास होतं.

बियात जिबरेलिन ॲब्सिसिक आम्लाच्या उलट बाजूने ओढतं. भ्रूणाच्या पेशी लांब होतात. मूलांकुरासमोरच्या गरातल्या भिंती सैल करणारी विकरं कामाला लागतात. व्हाइट स्प्रूसच्या बियात असं, पेशीभिंतीतलं मॅनन हे द्रव्य फोडणारं विकर अभ्यासलं गेलं आहे. शाळेच्या पुस्तकात बार्लीचं उदाहरण असतं: जिबरेलिन आलं, अमायलेज बनलं, पिठाची साखर झाली. पाइनला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. पाइनच्या गरात मुख्य साठा तेलाचा आणि प्रथिनांचा असतो. तेलाची साखर करण्याचं मोठं काम मूळ बाहेर आल्यानंतर जोरात चालतं.

आता मूळ प्रश्न. सूचिपर्णींच्या बियाला नुसतं जीए लावून हिवाळा टाळता येईल, अशी आशा धरू नका. काही जातींत, विशेषतः थोडी थंडी मिळाल्यावर, उगवण लवकर आणि एकसारखी होते. गाढ सुप्तावस्थेत परिणाम बहुधा तोकडा पडतो. आत आम्ल बनणं चालूच असेल तर दुसऱ्या बाजूने ओढून किती सरकणार? करमोड यांच्या गटाने ही बाजूही तपासली. फ्लुरिडोन हे रसायन ॲब्सिसिक आम्लाच्या कच्च्या मालावरच घाव घालतं आणि त्याने व्हाइट पाइनची सुप्तावस्था मोडली. पण फ्लुरिडोन कॅरोटीन वर्गातली रंगद्रव्यंही थांबवतं, त्यामुळे रोपं पांढरी पडण्याचा धोका असतो. ते प्रयोगशाळेतच ठीक. जीएचा डोस जास्त झाला तर रोपं काडीसारखी लांबट आणि कमकुवत होतात, हेही लक्षात ठेवा. माझं मत स्पष्ट आहे: फ्रिजचा एक कप्पा रिकामा करणं हे बाटलीतल्या जीएपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं आहे.

एक वेगळी गोष्ट. वनखाती आणि बीजबागा सूचिपर्णींवर जिबरेलिन वापरतात ते मुख्यतः झाडाला लवकर शंकू यावेत म्हणून. पाइन-स्प्रूसच्या कुळात त्यासाठी जीए-४ आणि जीए-७ यांचं मिश्रण चालतं, सायप्रसच्या कुळात जीए-३.

इथिलीन, सायटोकायनिन, ऑक्झिन यांचा काही वाटा?

ही वनस्पतींची इतर संप्रेरकं. वाटा असतो, पण दुय्यम. घरी रुजवण करताना यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

पेरल्यावर उजेड लागतो का?

अनेक पाइनना लागतो, निदान मदत होते. बियात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. १९५२ मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे लेट्यूसच्या बियांवर हा शोध लागला: ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश उगवण सुरू करतो आणि ७३० च्या आसपासचा अतितांबडा ती थांबवतो. मोठ्या झाडाच्या सावलीत पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि अतितांबडा खाली पोचतो, त्यामुळे बियाला डोक्यावर छत असल्याचं कळतं. फायटोक्रोमचा कौल शेवटी जिबरेलिन आणि ॲब्सिसिक आम्लाच्या तोलातच उतरतो. पुरेशी ओली थंडी मिळालेलं बी उजेडासाठी तितकं अडून बसत नाही. पेरताना बी खोल गाडू नका, बियाच्या जाडीइतकाच वाळूचा थर पुरे.

घरी फ्रिजमध्ये थंडी कशी द्यायची?

आधी बी स्वच्छ पाण्यात २४ ते ४८ तास भिजवा, पाणी एकदा बदला. मग निथळून वरचं पाणी पुसा. बी आत ओलं आणि बाहेर कोरडं दिसायला हवं. ओलसर वाळू किंवा पिळून घेतलेलं कोकोपीट यात मिसळून पिशवीत भरा. पिशवीचं तोंड घट्ट बांधू नका, कारण बी श्वास घेत असतं. तापमान ३ ते ५ अंश सेल्सिअस. घरच्या फ्रिजमध्ये भाजीचा कप्पा सहसा याहून थोडा उबदार असतो, म्हणून थर्मामीटर ठेवून जागा निवडा. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर बी धुऊन माध्यम बदला.

देवदार आणि फर यांच्या बियाला चोळू नका. त्यांच्या कवचात राळेचे फुगे असतात. ते फुटले तर उगवण घटते. पंख काढायचे असतील तर हलक्या हातानं.

मुदत भरली की २० ते २५ अंशांत पेरा. थंडी दिलेलं ओलं बी एकदम गरम जागी टाकलं तर काही जाती पुन्हा अडून बसतात. म्हणून पुणे-नागपूरकडे पेरणी डिसेंबर-जानेवारीत येईल असं उलटं मोजून तीन महिने थंडी लागणारं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फ्रिजमध्ये घाला. रोप उगवलं तरी देवदाराला आपला एप्रिल-मे सोसणं कठीण, हे आधीच मनाशी धरलेलं बरं.

फ्रीजरमध्ये ठेवलं तर काम लवकर होईल का?

होणार नाही. गोठलेल्या बियात विकरं जवळजवळ थांबतात आणि ओलं बी गोठलं तर मरूही शकतं. कोरडं बी उणे १८ अंशांत ठेवतात ते वर्षानुवर्षं टिकावं म्हणून. दहा वर्षांनी बाहेर काढलं तरी ते तितकंच सुप्त असतं. थंडी ओल्या, जिवंत बियावरच काम करते.

बी सुप्त आहे की मेलेलं, हे कसं ओळखायचं?

पाण्यात तरंगतं ते फुकट, हा नियम इथे विश्वासाचा नाही. चार-पाच बिया कापून बघा. गर भरलेला, पांढरा, टणक आणि भ्रूण स्पष्ट असेल तर आशा आहे. आत पोकळी असेल तर ते बी कधी भरलंच नव्हतं. झाडावर स्वतःचाच पराग पडला की सूचिपर्णींत अशी पोकळ बी बरीच निघतात, म्हणून एकाकी झाडाचं बी घेणं टाळावं. प्रयोगशाळेत टेट्राझोलियम चाचणी करतात: कापलेलं बी त्या द्रावणात ठेवलं की जिवंत ऊती लाल होतात. हा लाल रंग सुप्त आणि जागं यांत फरक दाखवत नाही, जिवंतपणा तेवढा दाखवतो.

दुकानातला चिलगोजा पेरला तर उगवेल का?

सुकामेव्याच्या दुकानातला बहुतेक चिलगोजा भाजलेला असतो, तो मेलेलाच. हिमाचलातल्या किन्नौरमधलं ताजं, कच्चं बी मिळालं तर गोष्ट वेगळी, पण त्यातही तेल जास्त असल्यामुळे ते साध्या हवेत लवकर खराब होतं. किन्नौरमध्ये शंकू उघडण्याआधीच जवळजवळ सगळं पीक उतरवलं जातं, त्यामुळे जंगलात नवी रोपं दिसणं दुर्मीळ झालं आहे. तिथे सुप्तावस्था ही अडचण नाही. बी जमिनीपर्यंत पोचतच नाही, ही अडचण आहे.

काही पाइन वणव्याशिवाय उगवत नाहीत म्हणतात. तीही सुप्तावस्थाच का?

नाही. उत्तर अमेरिकेतल्या जॅक पाइन आणि लॉजपोल पाइन यांचे अनेक शंकू राळेनं चिकटून बंद राहतात, उष्णतेनं राळ वितळते आणि बी सुटतं. अडकलेलं असतं ते बी शंकूत. मोकळं झालं की ते बहुधा सहज रुजतं.

आमच्या अंगणातल्या मोरपंखीचं बी?

मोरपंखी हाही सूचिपर्णीच, आणि आपल्या हवेत प्रयोग करायला सर्वांत सोपा. हिरवट शंकू तपकिरी होऊन उघडले की बी काढा आणि ताजंच पेरा. सुप्तावस्था उथळ असते. शाळेतल्या मुलांना करून दाखवायचं असेल तर निम्मं बी थेट पेरा, निम्मं महिनाभर ओल्या थंडीत ठेवून पेरा आणि दोन्ही वाफ्यांत रोज किती उगवली ते लिहून ठेवा. एकूण आकडा सारखा आला तरी उगवणीचा वेग वेगळा दिसू शकतो, आणि सुप्तावस्था किती उथळ आहे ते त्या वेगातून कळतं.

इतकं कळलं आहे, तर प्रत्येक जातीसाठी नेमकं वेळापत्रक का देता येत नाही?

कारण एकाच जातीत, अगदी शेजारच्या दोन झाडांतही सुप्तावस्था कमीजास्त असते. बी पिकत असताना हवा कशी होती, याचाही परिणाम असतो. शिवाय या झाडांवर जनुकीय काम करणं जड जातं. नॉर्वे स्प्रूसचा जीनोम २०१३ मध्ये वाचला गेला, तो सुमारे २,००० कोटी अक्षरांचा निघाला. माणसाचा सुमारे ३०० कोटींचा आहे. झाड बी धरायलाच दहा-वीस वर्षं घेतं, त्यामुळे पिढ्यांचा अभ्यासही लांबतो. बरंचसं ज्ञान म्हणून मोहरीच्या नात्यातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवरून उसनं घेतलेलं आहे, आणि ते सूचिपर्णींवर एकेक करून ताडून पाहावं लागतं.

हिवाळे उबदार झाले तर या बियांचं काय होईल?

ज्यांना तीन महिन्यांची ओली थंडी लागते, त्यांना बर्फ उशिरा पडून लवकर वितळला तर ती अपुरी मिळू शकते. अपुरी थंडी मिळालेलं बी सगळंच वाया जात नाही. काही उगवतं, काही पुढच्या वर्षासाठी थांबतं आणि त्या काळात उंदीर, पाखरं, बुरशी त्यातलं बरंच खातात. चीडसारख्या जातींना हा प्रश्न नाही, त्यांची भिस्त पावसावर असते. म्हणून वनीकरणासाठी बी गोळा करताना ते कोणत्या उंचीवरून, कोणत्या उतारावरून आणि कोणत्या वर्षी आणलं, याची नोंद पिशवीवर लिहिणं गरजेचं आहे. रोपवाटिकेत थंडी किती आठवडे द्यायची, हे त्या नोंदीवरूनच ठरवता येतं.